घरभेटीला याल तेव्हा आम्हाला विचारा
(महाराष्ट्रातल्या मराठी मंडळ्यांचे पाळक आणि धर्मगुरू यांना खुले पत्र)

आदरणीय पाळकसाहेब, आदरणीय फादर,



मराठी मंडळ्यांमध्ये सेवा करणाऱ्या तुम्हा सर्वांना मिळून हे पत्र लिहिते आहे. त्यात कुणा एका पाळकाची तक्रार नाही, म्हणून ते उघडपणे लिहिता येतं. मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, आमच्या तोंडी अजून नगरच असलेल्या भागातल्या, एका मंडळीत वाढले. परिचारिका म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. माझी मागणी एकच आहे. तुम्ही आमच्या घरी भेटीला येता तेव्हा आम्ही घरात, कामावर आणि शेजारीपाजारी कसे वागतो ते आम्हाला विचारा.

आजची घरभेट कशी होते ते तुम्हाला ठाऊक आहे. आदल्या दिवशी निरोप येतो. दिवाणावरची चादर बदलली जाते, टीव्ही बंद होतो. तुम्ही मुलांच्या परीक्षेची चौकशी करता, आजोबांच्या गुडघ्यांची करता, एक स्तोत्र वाचता, प्रार्थना करता. चहा-पोहे होतात, दानाचं पाकीट हातात दिलं जातं आणि तुम्ही पुढच्या घरी निघता. तेवढा वेळ घरातली सून स्वयंपाकघराच्या दारात पदर सावरून उभी असते. प्रार्थनेत तिचं नाव येतं, पण तिला कुणी बसायला सांगत नाही. तिचं काय चाललं आहे हेही कुणी विचारत नाही.

जक्कयाची गोष्ट तुम्ही आम्हाला शब्बाथ शाळेपासून सांगत आला आहात. ठेंगणा जकातदार, गर्दी, उंबराचं झाड. मुलं नाटुकलं बसवतात तेव्हा टाळ्या पडतात त्या झाडावर चढण्याला. पण मला ती गोष्ट घरभेटीची वाटते. प्रभू आपण होऊन त्याच्या घरी उतरला आणि ती भेट हिशेबावर येऊन थांबली. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत. त्या घराला तारण मिळालं असं प्रभू म्हणतो ते हा हिशेब जक्कयाच्या तोंडून बाहेर पडल्यावर. मधे काय बोलणं झालं ते लूक लिहीत नाही. माझी समजूत अशी की त्या घरात पैसा कुठून येतो हा विषय पाहुण्याने टाळला नसावा.

आमच्या घरांतला असा विषय म्हणजे बहिणीचा हिस्सा. वडील जातात. स्मरणार्थ प्रार्थनासभा होते, तुम्ही संदेश देता, जेवणं उठतात. पाहुणे पांगले की ज्या टेबलावर तुम्ही पवित्र शास्त्र ठेवलं होतं त्याच टेबलावर भाऊ एक कागद आणून ठेवतो. हक्कसोडपत्र. बहिणींनी सही केली की त्या समजूतदार, आणि नाही केली की त्यांनी माहेर तोडलं. मी पाहिलेल्या एका घरात धाकट्या बहिणीचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता, घर भाड्याचं होतं, आणि तरीही तिने सही केली. कारण त्या खोलीतल्या एकाही माणसाने तिला थांब म्हटलं नाही. भाऊ वाईट माणूस नव्हे. प्रार्थनासभेत त्याचे डोळे भरून येतात ते खरेच भरून येतात. बहिणीला हिस्सा देणं हाही त्याच प्रार्थनेचा भाग आहे, हे मात्र त्याला आयुष्यात कुणी सांगितलेलं नाही.

आपल्या मुलींना निदान कायद्याने तरी कधीच मागे ठेवलेलं नव्हतं. भारतीय वारसा कायदा 1925 सालचा आहे. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर एक तृतीयांश वाटा त्याच्या विधवेचा आणि उरलेल्यात मुलगा-मुलगी सारखे वाटेकरी, असं त्यात आहे. हिंदू कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला तो महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली. म्हणजे त्यांच्या जवळजवळ सत्तर वर्षं आधीपासून कायदा आपल्या मुलींच्या बाजूने उभा आहे, आणि त्या सगळ्या काळात आपण हक्कसोडपत्रं लिहून घेत आलो. तुम्ही प्रार्थनासभेच्या दिवशी निघताना दारात उभं राहून फक्त विचारा, बहिणींच्या वाट्याचं काय ठरवलं? उत्तर मिळालं नाही तरी चालेल. प्रश्न बहिणींच्या कानावर पडलेला असेल.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू म्हणतो की दान घेऊन वेदीपाशी आलेल्या माणसाला आपल्या भावाची आठवण झाली, तर त्याने दान तिथेच ठेवावं आणि आधी जाऊन समेट करावा. हा उतारा आपण भांडणाऱ्या भावांना वाचून दाखवतो आणि दोघांनाही मन मोठं करायला सांगतो. पण नीट वाचलं तर तिथे राग दुसऱ्याच्या मनात आहे. ज्याच्याविरुद्ध कुणाच्या मनात काही आहे, त्याने उठून जायचं आहे. म्हणजे ज्याने वाटा घेतला त्याने जायचं, जिचा गेला तिने नव्हे. आमच्याकडे बहुतेक वेळा उलट होतं. अन्याय झालेल्या माणसालाच क्षमेचं वचन ऐकवलं जातं, आणि करणारा प्रभुभोजनाला पुढच्या बाकावर असतो.

आता दुसरी गोष्ट. ती मी अपघात विभागात शिकले. तिथे येणाऱ्या बायकांचं उत्तर ठरलेलं असतं, बाथरूममध्ये घसरले. घसरून पडलेल्या बाईचा तळवा खरचटलेला असतो, कोपर किंवा गुडघा फुटलेला असतो. धरून पिरगाळलेल्या हातावर दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ असतात, चार एका अंगाला आणि अंगठ्याचा दुसऱ्या. परिचारिकेला ते सांगावं लागत नाही. अशा बायकांमध्ये काहींच्या गळ्यात क्रूस असायचा. एकीला मी पट्टी बांधताना हळूच विचारलं, घरी कुणाला सांगितलं का? ती म्हणाली, पाळकांना सांगितलं होतं. ते म्हणाले, प्रत्येकाला आपापला क्रूस असतो, प्रार्थना कर.

पाळकसाहेब, हे वाक्य आपल्या मंडळ्यांतून कायमचं जायला हवं. प्रभूने क्रूस आपल्या इच्छेने उचलला. नवऱ्याचा मार बाईने मागितलेला नसतो, त्यातून कुणाचं तारण होत नाही. तो गुन्हा आहे. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना सारखा लागू आहे. आपल्या आया-आज्यांपुढे खरंच वाट नव्हती. 1869 च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती बायकोला नुसत्या क्रूरतेवर घटस्फोट मिळत नसे, नवऱ्याचा व्यभिचारही शाबीत करावा लागे. 2001 मध्ये तो कायदा बदलला. तोपर्यंत घराघरांत गप्प बसण्याला सहनशीलता म्हणायची सवय लागून गेली होती, आणि ती सवय अजून उपासनेत ऐकू येते. लग्नात इफिसकरांस पत्र वाचलं जातं तेव्हा बायकांनी अधीन असावं हे वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्याच्या आधी सर्वांनी एकमेकांच्या अधीन असावं असं म्हटलेलं आहे, आणि पुढे नवऱ्यांना सांगितलेला भाग बायकांच्या भागापेक्षा बराच लांब आहे. तो भाग लग्नानंतर एक वर्षाने, त्या नवऱ्यासमोर, त्याच्या घरात बसून पुन्हा वाचा.

कामाच्या ठिकाणी विश्वास जगायचा म्हणजे साक्ष द्यायची, असं आम्हाला तरुण संघात शिकवलं. साक्ष म्हणजे बोलणं. वॉर्डात गेल्यावर मला कळलं की तिथे बोलायला वेळ नसतो, आणि खरा प्रश्न वेगळाच असतो. रात्रपाळीत पहाटे चारला तापमान, नाडी आणि श्वास मोजून तक्त्यावर लिहायचे असतात. रुग्ण झोपलेले असतात, आपले पाय सुजलेले असतात, डॉक्टर खोलीत आडवे झालेले असतात. मनगटाला हात न लावता 78 लिहिलं तर कुणाला कळत नाही. माझ्या पहिल्या नोकरीतल्या वरिष्ठ सिस्टर मिशन हॉस्पिटलात शिकून आल्या होत्या. त्या प्रत्येक नाडी पूर्ण एक मिनिट मोजायच्या. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायची रीत सगळीकडे आहे. त्या म्हणायच्या, मधेच चुकणारा ठोका अर्ध्या मिनिटात हाती लागत नाही. एका रात्री त्यांना तसाच ठोका सापडला आणि त्यांनी डॉक्टरांना उठवलं. त्यांनी वॉर्डात कधी पत्रकं वाटली नाहीत. प्रसूतीनंतर मुलगा झाला की जास्त आणि मुलगी झाली की कमी अशी बक्षिसी नातेवाइकांकडून घेतली जायची, तिला त्यांनी आपल्या पाळीत कुणाला हात लावू दिला नाही. त्यामुळे मावशी आणि वॉर्डबॉय त्यांच्यावर नाराज असत. ती नाराजी त्यांनी वर्षानुवर्षं सोसली. मंडळीत त्यांच्याबद्दल कधी कुणी चार शब्द बोललं नाही, कारण त्या रविवारी पुष्कळदा ड्युटीवर असत आणि हजेरीत कमी पडत.

कामातून जगलेला विश्वास आपल्याकडे जुना आहे. मिशनरी डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं. दुसऱ्याचं मलमूत्र काढणं हे ज्या काळात विटाळाचं काम मानलं जाई, त्या काळात आपल्या मुलींनी असल्या मिशन रुग्णालयांतून हे काम अंगावर घेतलं. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आलेल्या मुली विणकाम करत, शेती करत, छापखान्यात खिळे जुळवत. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली, तिथूनच बाहेर पडलं. कामच प्रार्थना होऊ शकतं हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. मग आज घरभेटीत कारकुनाला, शिक्षकाला, वायरमनला, रिक्षावाल्याला त्याच्या कामाबद्दल कुणी का विचारत नाही? बिल कसं लावतोस, फाइल कुणासाठी अडवतोस, शिकवणीला न येणाऱ्या मुलाला वर्गात कसं वागवतोस, हे प्रश्न आत्मिक नाहीत असं कोण म्हणेल?

आमच्या घरात काम करणाऱ्या मावशींबद्दलही विचारा. नाताळात त्यांना करंज्या आणि साडी मिळते. मुलगा आजारी म्हणून त्या चार दिवस आल्या नाहीत तर पगार कापला जातो. शेतमजुरांची अडवलेली मजुरी ओरडते असं याकोबाच्या पत्रात आहे, ते आपण गावच्या सावकाराला उद्देशून वाचतो. आणि कितीतरी ख्रिस्ती घरांत मावशींचा कप अजून वेगळा असतो, मोरीच्या वरच्या फळीवर.

त्या कपावरून माझा विषय जातीपाशी येऊन ठेपतो. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधल्या काळातली ताटातूट आणि पुन्हा एकत्र आल्यावरचं सोवळं, वेगळी चूल, वेगळं पाणी हे सगळं लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे. जात माणसाने केली आहे हे लक्ष्मीबाईंना पटलं, आणि त्यांनी आधी पाण्याचा आणि जेवणाचा भेद सोडला. बाप्तिस्मा नंतर आला. मला ही क्रमवारी फार महत्त्वाची वाटते. विश्वास त्यांच्या स्वयंपाकघरात पोचल्यावर त्या देवळात गेल्या. पुढे नगरच्या त्यांच्या घरात बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले, धर्म न बदलता, आणि त्या घराने त्यांच्यावर माया केली ती काही बदल्यात न मागता. आज आपल्याकडे लग्नाची बोलणी सुरू झाली की आवाज खाली करून विचारलं जातं, मूळचे कोण? तीन-चार पिढ्यांपूर्वीची वस्ती शोधली जाते. दोन्हीकडचे लोक एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतात आणि सोयरीक जुळवताना मागे हटतात. हे तुम्हाला माहीत असतं, कारण पुष्कळदा स्थळं तुमच्याच मार्फत येतात. मूळ विचारणाऱ्या बापाला तुम्ही तिथेच थांबवलंत, तर त्या एका वाक्याचं वजन दहा संदेशांपेक्षा जास्त असेल.

याच्याशीच जोडलेला एक विषय आहे, ज्याबद्दल व्यासपीठावरून मी अवाक्षर ऐकलेलं नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती दलित अजून बाहेर आहेत. म्हणून आपल्यातल्या कितीतरी कुटुंबांचा धर्म कागदावर एक आणि रविवारी दुसरा असतो. मुलीला संडे स्कूलमध्ये एका नावाने हाक मारतात, शाळेच्या दाखल्यावर दुसरं नाव असतं. तिला लहानपणीच शिकवावं लागतं की कुठे काय सांगायचं. मी या कुटुंबांना दोष देणार नाही. ज्या समाजाने त्यांच्या पणजोबांना विहिरीवर चढू दिलं नाही, त्याने धर्मांतरानंतर त्यांना वेगळं वागवायला सुरुवात केली नव्हती. गरिबी तीच, वागणूक तीच. पण घरोघरच्या आया हे ओझं एकेकट्या वाहतात. खोटं बोलू नये असं मुलांना शिकवतात आणि त्याच मुलांना दाखल्याची गोष्ट समजावतात. त्यांच्या घरी बसून तुम्ही एकदा म्हणा की हे मला ठाऊक आहे, हा अन्याय कायद्याचा आहे, आपण त्यावर मिळून बोलू. काय करावं याचं तयार उत्तर माझ्यापाशी नाही. मंडळीने हा प्रश्न जाणत्या वकिलांना आणि त्या कुटुंबांना एकत्र बसवून सोडवायला घ्यावा, एवढं मला कळतं.

तुम्ही विचारत का नाही, हेही मला समजतं. तुमचा पगार आमच्या वर्गणीतून आणि दशांशातून येतो. पंच कमिटीवरचा माणूस व्याजाने पैसे देत असेल, तर त्याच्या दिवाणखान्यात बसून व्याजाचा दर विचारायचा कसा? बदलीचा अर्ज वर जातो. घर दुखावलं तर चार गल्ल्या सोडून निघालेल्या नव्या प्रार्थनागृहात जातं, आणि त्याच्याबरोबर आणखी दोन घरं जातात. फादरांची बदली आमच्या हातात नसते, पण देवळाच्या सणाचा खर्च उचलणारी घरं त्यांनाही सांभाळावी लागतात. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचं काम सोडलं आणि 'देवाचा दरबार' हा आपला स्वतंत्र संघ मांडला. तुम्ही सेवा सोडून बाहेर पडा असं मी म्हणणार नाही. तुमच्याही घरी मुलं शिकत आहेत. पण वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो लोकांच्या जमिनीसाठी आणि पाण्यासाठी आंदोलनात उभे राहिले, आणि पुढे तेच 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरूने लोकांच्या रोजच्या जगण्याला हात घातला तर मराठी माणूस त्याला आपला मानतो, हे आपण पाहिलं आहे.

आमच्याकडूनही काही व्हायला हवं. आम्ही विश्वासाने सांगितलेलं पुढच्या रविवारी संदेशात उदाहरण म्हणून येतं, गावाचं नाव तेवढं बदललेलं असतं, आणि सगळ्यांना कळतं. ही भीती मोठी आहे. घरातलं घरात राहील याची हमी तुम्ही द्या. जिवाला धोका असेल तर मात्र गप्प राहू नका, आणि हेही आधीच सांगून ठेवा. बायकांशी बोलायला तुमच्याबरोबर स्त्रीमंडळातली एक जाणती बाई असू द्या. पुरुष पाळकासमोर, सासूच्या देखत, कुठली सून बोलणार? निवृत्त शिक्षिका, परिचारिका आणि वकील असलेल्या भगिनी प्रत्येक मंडळीत आहेत. त्यांना नाताळच्या फराळाच्या कमिटीवर घेतलं जातं, त्याऐवजी या कामाला घ्या.

पंच कमिटीनेही एक ठराव करावा अशी माझी विनंती आहे. घरभेटीत पाळकांनी वागणुकीबद्दल विचारलं, एवढ्याच कारणावरून त्यांच्याविरुद्ध आलेली तक्रार दाखल करून घेतली जाणार नाही. ज्या पंचाच्या घरी हे प्रश्न विचारले गेले असतील, तो पाळकांच्या बदलीच्या चर्चेत बसणार नाही. आमच्या मंडळीच्या वार्षिक सभेत मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदन द्यायला एक निवृत्त मुख्याध्यापक तयार झाले आहेत. ठराव पडला तर पुढच्या वर्षी पुन्हा मांडू.

नाताळच्या आधी घरभेटींची यादी लागते. या वेळी ती आळीप्रमाणे लावू नका. या वर्षी ज्या घरातलं कर्तं माणूस गेलं आणि वाटणी व्हायची आहे, ती घरं आधी घ्या. तिथे कागद तयार होण्याआधी तुम्ही पोचायला हवं. बरोबर बाई हवी असेल तर मी येते.

तुमची नम्र,
नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीची सभासद